गढूळ वाइनचं अपील

द्राक्षरसाचं पिंप आपलं आपण फसफसायला लागलं, तेव्हा काका यीस्ट आणायला बाजारात गेले होते, आणि यीस्ट सोडून बाकी सगळं घेऊन परत आले. पिशवीतून दोन झाडू निघाले, एक चाळणी निघाली, सवलतीत मिळालेला बादलीएवढा कोबी निघाला.

"अहो, यीस्ट?" काकूंनी विचारलं.

काकांनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि बराच वेळ आतच ठेवला. आत काही नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण हात बाहेर काढला की बोलावं लागलं असतं. तेवढ्यात मागच्या खोलीतून बुडबुड असा आवाज आला आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

द्राक्षाच्या सालीवर यीस्ट मुळातच असतं. कुणी पाकिटातलं घातलं नाही, तर ते संधी साधून स्वतःच कामाला लागतं. सगळ्या जगात यावरून भांडणं आहेत. एक पक्ष म्हणतो, पाकिटातलं यीस्ट नको, गंधकाचं औषध नको, गाळणं नको, द्राक्षाला त्याच्या मर्जीनं वाइन होऊ द्या. दुसरा पक्ष म्हणतो, मर्जीनं फार तर व्हिनेगर होतं. काकू कुठल्याच पक्षात नव्हत्या. त्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना लॅबकाकू म्हणत. त्यांनी पिंपात थर्मामीटर बुडवला, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "चाललंय ते बरं चाललंय. आता मध्ये हात घालायचा नाही."

काकांनी हे वाक्य पुढे चारचौघांत पुष्कळदा वापरलं, आणि यीस्ट न आणणं हा आपला विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता असं सुचवलं.

वाइन नीट होणं गरजेचं होतं, कारण वेली पणाला लागल्या होत्या. घरामागचा द्राक्षांचा तुकडा काका आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचा सामाईक होता. धाकट्या भावाला, म्हणजे काकूंच्या भाऊजींना, तिथे गाड्या धुण्याचं केंद्र काढायचं होतं. ठेकेदारही ठरला होता. वेली कसल्या, म्हणायचे, नुसती मुंग्यांची सोय. वादाचा शेवट असा झाला, की यंदाच्या वाइनला पट्ट्याचा शिक्का मिळाला तर वेली राहतील. नाही मिळाला तर छाटणीऐवजी कुदळ.

शिक्का म्हणजे काय, ते सांगायला हवं. या भागातल्या द्राक्षांची वाइन हवी तितक्यांनी करावी, पण बाटलीवर पट्ट्याचं नाव लिहायचं तर द्राक्षपट्टा मंडळाची परवानगी लागते. मंडळाची चाखणी समिती वाइन हुंगते, चाखते आणि तिच्यात 'प्रादेशिक व्यक्तिमत्त्व' आहे की नाही ते ठरवते. असेल तर शिक्का. नसेल तर बाटलीवर 'आंबवलेले द्राक्षपेय' एवढंच लिहायचं. हे शब्द वाचून काकूंना दवाखान्यात द्यायच्या नमुन्याची आठवण येई. आणि प्रादेशिक व्यक्तिमत्त्व म्हणजे काय, तेही नियमात होतं: भाजलेल्या पावाची कड, मागे लोण्याची झाक. या पट्ट्याची माती म्हणे तशीच होती. मातीत लोणी कुठून आलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

काकूंनी नमुना घेऊन मंडळाची खिडकी गाठली. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"यीस्टच्या कंपनीचं नाव?"

"कंपनी नाही. सालीवरचंच आहे."

"मग साल कुठल्या कंपनीची?"

"द्राक्षाची."

"बाई, रकाना मोकळा चालत नाही."

"मग 'नैसर्गिक' लिहा."

"ही कंपनी यादीत नाही," कारकून म्हणाला.

या वाटाघाटीत नेहमीची चाखणी, म्हणजे बुधवारची, हुकली. राहिलेल्या नमुन्यांची चाखणी सोमवारी होते, त्यात काकूंची बाटली गेली. निकाल कारकुनानं उरलेली बाटली उजेडात धरून खिडकीतूनच सांगितला, तोही मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: "गढूळ! व्यक्तिमत्त्व नाही!"

व्यक्तिमत्त्वाचं काकूंनी मनाला लावून घेतलं नसतं. पण गढूळ! उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या पाण्याला गढूळ ठरवलं होतं. त्यांच्या एका सहीवर टाक्या रिकाम्या झाल्या होत्या, अभियंत्यांची रजा रद्द झाली होती. आता तोच शब्द खिडकीतून त्यांच्या अंगावर आला, आणि रांगेतल्या एका गृहस्थानं त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. सहानुभूतीचा तर त्यांना विशेष तिटकारा होता.

"गढूळ आहेच," त्या काकांना घरी म्हणाल्या. "गाळलेली नाही, म्हणून गढूळ आहे. निरीक्षण बरोबर आहे. पण ते असं ओरडून सांगायचं असतं का?"

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, तांब्याचं नाणं टाका, दुर्गंध जातो. काकू म्हणाल्या, दुर्गंध नाहीच आहे. औषधवाला म्हणाला, मग तर चांगलंच, नाण्यानं नुकसान होणार नाही. समोरच्या शिवणकामवाल्या बाईंनी जुनं रेशमी पातळ गाळायला देऊ केलं. भाऊजी तर रोज संध्याकाळी येऊन वेलींकडे अशा नजरेनं बघत, की जणू त्या आजारी आहेत आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय.

"वहिनी, तुमच्यासारख्या शास्त्र शिकलेल्या बाईनं हे करावं? नैसर्गिक म्हणजे काय हो? खराब होऊ दिलेलं. पाकीट आणा, यीस्ट टाका, मोकळ्या व्हा."

"भाऊजी, शास्त्रात पाकीट असतंच असं नाही."

"पण शिक्का असतो ना?" भाऊजी म्हणाले आणि पावलांनी जागा मोजत निघून गेले.

मग दाढीवाला आला. हा नैसर्गिक पक्षाचा. त्याचं गावात वाइनचं छोटं दुकान होतं, आणि समितीनं नाकारलेली प्रत्येक वाइन थोर असते अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं पिंपाला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. काकूंना वाटलं, झोप लागली.

"काकू, ही जिवंत आहे."

"जिवंत आहे, म्हणूनच काळजी वाटते," काकू म्हणाल्या. "पुन्हा आंबायला लागली तर बुचं उडतील."

"उडू देत! तिला बोलू द्या!"

ती बोललीच, पण भलत्या ठिकाणी. काकूंनी पुन्हा अर्ज केला होता, आणि त्याबरोबर दिलेली बाटली कारकुनानं टेबलाच्या खणात ठेवली होती. खण उन्हात होता. दुपारी आतून बार झाल्यासारखा आवाज आला, कारकून टेबलाखाली गेला, आणि एका साखर कारखान्याच्या अर्जाला कायमचा जांभळा रंग चढला. काकूंना पुन्हा बाटली द्यावी लागली. बुधवार पुन्हा हुकला.

घरी त्याहून मोठा प्रकार घडला. काकू दिसायला कितीही शांत असल्या तरी हरलेली बायको नवऱ्याला कळते. काकांना राहवलं नाही. समितीला भाजलेल्या पावाची कड हवी आहे ना? मग त्यात अवघड काय आहे? काकू बाहेर गेल्या असताना त्यांनी पावाच्या चार जाड चकत्या गॅसवर खरपूस भाजल्या, स्वच्छ कापडात बांधल्या आणि मोठ्या पिंपाशेजारी उरलेल्या रसाचं धाकटं पिंप होतं, त्यात सोडल्या. लोण्याचाही त्यांनी विचार केला होता, पण संयम राखला.

काकू परतल्या तेव्हा कापड सुटलं होतं आणि पिंपावर लापशी तरंगत होती.

"अहो, हे काय?"

"प्रादेशिक व्यक्तिमत्त्व," काका खाली मान घालून म्हणाले.

काकूंनी काय बोलावं हे ठरवण्याआधीच दाढीवाला दारात हजर झाला. सोबत त्याच्याच मताचे दोन मित्र होते. कुणी अडवायच्या आत त्यानं नेमका धाकट्या पिंपातून पेला भरला. घोट घेतला. डोळे मिटले.

"ही माती बोलतेय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "इतकी प्रामाणिक वाइन मी प्यायलो नाही. यात माणसाचा हातच नाही."

काकांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"त्यात पाव आहे," काकू म्हणाल्या.

"बघा! तुम्हालाही जाणवला!"

"जाणवला नाही. आहे. तुमच्या मिशीला लागलाय."

मित्र हसले, तेव्हा दाढीवाल्यानं मिशी पुसली आणि तो तसाच मागच्या मागे निघून गेला. त्या दिवशी काकूंची खात्री पटली, की दोन्ही पक्षांना नाक सारखंच मिळालं आहे. धाकटं पिंप त्यांनी वेलींच्या मुळाशी ओतून टाकलं.

मोठ्या पिंपातली बाटली सोमवारी चाखली गेली. निकाल तोच: व्यक्तिमत्त्व नाही. आता एकच वाट उरली, ती अपिलाची. अपील अर्जदारासमोर होतं, आणि तिथला निकाल शेवटचा. भाऊजींनी ठेकेदाराला आगाऊ बोलावून वेलींवर चुन्याच्या खुणा करवून घेतल्या. प्रत्येक खोडावर पांढरी फुली. काकू सकाळी चहा घेऊन मागच्या दारात आल्या आणि उभ्याच राहिल्या. वेली त्यांनी लावलेल्या नव्हत्या. पण नोकरीतल्या दिवसभराच्या कंटाळवाण्या पाण्यानंतर त्या रोज संध्याकाळी इथे येऊन बसत, आणि इथे कुणाला योग्य-अयोग्य ठरवायचं नसे. चहा गार झाला तरी त्यांनी कप तोंडाला लावला नाही.

"अहो, आपण चाखणीची खोली बघून येऊ," त्या शेवटी म्हणाल्या.

"खोलीत काय बघायचं?"

"चाचणीआधी खोली बघायची असते."

मंडळाची खिडकी एका इमारतीत आणि चाखणीचा हॉल दुसऱ्या गल्लीत होता. तो त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता. त्या दिवशी मंगळवार होता. गल्लीच्या तोंडाशीच काका थबकले आणि त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "काय खरपूस वास येतोय गं!"

हॉल एका बेकरीच्या वर होता.

काकू तडक जिना चढल्या. हॉल उघडाच होता. लांब टेबल, खुर्च्या, आणि भिंतीवर फळी. फळीवर काळ्या काचेचे ग्लास पालथे घातलेले. वाइनचा रंग बघून कुणाचं मत बनू नये म्हणून समिती काळे ग्लास वापरते. काकूंनी भिंतीला हात लावला. भिंत गरम होती. तिच्या आतून भट्टीचं धुराडं वर जात होतं. त्यांनी एक रिकामा ग्लास उचलला आणि नाकाशी धरला. मग दुसरा. मग काकांच्या नाकाशी धरला.

"पाव," काका म्हणाले. "आणि मागे... लोणी?"

खाली येऊन काकूंनी बेकरीवाल्या बाईंना विचारलं, सुट्टी कधी असते?

"सोमवारी," बाई म्हणाल्या. "भट्टी बंद असते ना, म्हणून त्याच दिवशी सकाळी वरचा हॉल धुऊन घेतो. ते काळे ग्लासही धुऊन खिडकीत उन्हाला ठेवते. का हो, डाग राहतात का?"

"नाही. तुम्ही ग्लास फार स्वच्छ धुता," काकू म्हणाल्या. "हीच तर आमची अडचण झाली."

परतीच्या वाटेवर काका जवळजवळ उड्या मारत होते. "सुटलो! अपील बुधवारी आहे. भट्टी चालू, ग्लासात पाव तयार. पास!"

"तो पास पावाचा होईल. वाइनचा नाही."

"अगं, वेली राहतील ना!"

"राहतील. आणि दर वर्षी मी बुधवारच्या रांगेत उभी राहीन."

"हे बघ," काका थांबले. बायकोशी वाद घालताना ते नेहमी थांबत, कारण चालता चालता त्यांना धाप लागे. "उद्या समितीला तू तोंडावर पाडलंस आणि त्यांनी रागानं शिक्का नाकारला, तर भाऊ परवा कुदळ घेऊन येईल. वेली गेल्यावर तुझं सत्य कुठे लावणार? कुंडीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पाणी उकळलं, गार केलं आणि वाइनच्या स्वच्छ बाटलीत भरून बूच मारलं. अपिलात अर्जदाराला तुलनेसाठी स्वतःच्या पसंतीचा एक नमुना ठेवता येतो, असा नियम होता. नमुना कसला असावा, याबद्दल नियमात अक्षरही नव्हतं. काकांनी बाटलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पिशवी उचलली. यीस्ट विसरणाऱ्या माणसानं या खेपेला काहीही विसरायचं नाही असं ठरवलं होतं.

समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. उजवीकडे हॉटेलमालक, डावीकडे एक निवृत्त मुख्याध्यापक. मागच्या बाकावर भाऊजी ठेकेदाराला घेऊन बसले होते. कारकुनानं पडद्याआड चार ग्लास भरले: एक काकूंची वाइन, दोन पट्ट्यातल्या नावाजलेल्या वाइन, आणि एक तुलनेचा नमुना, क्रम उलटसुलट करून. खालून ताज्या पावाचा दरवळ येत होता, पण तो कुणाच्याच ध्यानात नव्हता. माशीला जसा गूळ रोजचा, तसा त्यांना तो वास रोजचा.

पहिली फेरी नुसत्या वासाची. हुंगायचं, मत सांगायचं, चाखायचं नाही. पहिला ग्लास, दुसरा ग्लास, डोकी हलली. तिसऱ्याला अध्यक्षांनी नाक लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! भाजलेल्या पावाची कड अगदी ठळक. मागे लोणी. कुठेही फळाची घाई नाही."

"संयमी," हॉटेलमालक म्हणाला.

"सुसंस्कृत," मुख्याध्यापक म्हणाले. "विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून द्यावी अशी."

"हा आपला पट्टा!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "डोळे बांधून सांगेन. एकमत?"

"एकमत."

कारकुनानं पडद्याआड जाऊन शिक्का मारला. वासाच्या फेरीत एकमत झालं की तिथल्या तिथे शिक्का मारायचा, असा नियम होता, आणि तो नियमाचा पक्का होता. काकांनी डोळे मिटून घेतले.

दुसरी फेरी चवीची. तिसरा ग्लास अध्यक्षांनी तोंडाला लावला, घोट या गालातून त्या गालात फिरवला, आणि फिरवतच राहिले. रोग्यांना ते रोज गुळणी करायला सांगत, तशीच ही गुळणी दिसत होती. शेवटी त्यांनी गिळलं.

"जरा... पातळ आहे."

"साहेब," हॉटेलमालक म्हणाला, "हे पाणी आहे."

"नळाचं," काकू म्हणाल्या. "उकळून गार केलेलं."

मुख्याध्यापकांनी आपला ग्लास पुन्हा हुंगला.

"बाई, तुम्ही समितीची थट्टा केलीत!" अध्यक्ष उभे राहिले.

काकूंचा आवाज नेहमीचाच होता. "थट्टा नाही. याला रिकामा नमुना म्हणतात. आम्ही प्रत्येक चाचणीत ठेवायचो. त्यात काही सापडलं, तर समजायचं की दोष भांड्यात आहे. तुमचे ग्लास धुराड्याच्या भिंतीवर असतात. हा वास मातीचा नाही, खालच्या भट्टीचा आहे. सोमवारी भट्टी बंद असते, ग्लास धुतलेले असतात. माझी वाइन दोन्ही वेळा सोमवारी आली."

"अपील फेटाळा!" मागून भाऊजी ओरडले.

"थांबा," कारकून पडद्याआडून बाहेर आला. त्याच्या हातात शिक्का मारलेली पाण्याची बाटली होती, आणि चेहऱ्यावर खरीखुरी व्यथा. "अपील फेटाळलं तर आजचा निकाल कायम होतो. निकाल कायम झाला, तर हे पाणी पट्ट्याचं होतं. मग मला नळ खात्याला कळवावं लागेल."

आधी मुख्याध्यापक हसले. त्यांना हसताना कुणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून आधी सगळे घाबरले आणि मग सगळेच हसायला लागले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी एक रिकामा ग्लास फळीवरून उचलला, हुंगला, दुसरा हुंगला, आणि भिंतीवर तळहात टेकवून उभे राहिले.

"इतकी वर्षं..." ते पुटपुटले. मग त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "ग्लास धुवा. समोरच्या वाचनालयाच्या अंगणात चला. सगळे!"

अंगणात बाकावर धुतलेले ग्लास मांडले. वारा बेकरीकडे जात होता. काकूंनी बोट ओलं करून खात्री केली होती. समिती हुंगू लागली. नावाजलेल्या दोन वाइन आधी, आणि दोन्हींत पावाचं नाव नाही. अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा नाक लावलं, एक घोट घेतला, मग आणखी एक.

"शेवटी काहीतरी आहे. संत्र्याच्या सालीसारखं. आणि जरासं खारट?"

"पुसट आहे," हॉटेलमालक म्हणाला. "पण दोन्हींत आहे."

मग काकूंचा ग्लास. अध्यक्षांनी घोट घेतला आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

"यात तेच आहे," ते म्हणाले. "पण पुसट नाही. सरळ समोर येऊन उभं राहतं."

"गाळलेली नाही, म्हणून असेल," काकू म्हणाल्या. "पण खात्रीनं सांगायला आणखी नमुने लागतील. आणि माझ्या वाइनला थोडा व्हिनेगरचाही वास आहे. तेही लिहा."

"अगं!" काका कळवळून म्हणाले.

"आहे तो आहे," काकू म्हणाल्या.

अध्यक्षांनी कारकुनाकडे हात पसरला. कारकुनानं शिक्का दिला नाही; अर्जदाराच्या बाटलीवर शिक्का मारायचा अधिकार फक्त त्याला होता. त्यानं स्वतः शाई लावली, फुंकर घातली, आणि वाचनालयाच्या बाकावर बाटली आडवी धरून शिक्का असा दाबला, की आत वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे दचकून बाहेर आले. त्यांनाही पेला मिळाला. मुख्याध्यापकांनी जागेवरच ठराव मांडला, की नियमातली पावाची ओळ रद्द करावी आणि पुढच्या प्रत्येक चाखणीत रिकामा नमुना ठेवावा. हॉटेलमालकानं पिंपात किती शिल्लक आहे ते काकांना बाजूला घेऊन विचारलं, आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा भाव खाल्ला. बेकरीवाल्या बाई गडबड ऐकून बाहेर आल्या होत्या. काय झालं ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं पारितोषिकं माझ्या पावाला मिळत होती?" आणि त्याही एक पेला घेऊन बसल्या.

भाऊजी एकटेच कडेला उभे होते. ठेकेदार केव्हाच माणसांत मिसळला होता आणि दुसरा पेला संपवत होता. शेवटी काकूंनीच एक ग्लास भरून भाऊजींपुढे धरला. नाही म्हणणं शोभलं नसतं. त्यांनी घोट घेतला, मान वळवली, आणि मग जरा लपवूनच दुसरा घेतला.

तेवढ्यात गाड्या धुण्याचे पंप विकणाऱ्याचा त्यांना फोन आला. भाऊजी चार पावलं दूर गेले, पण त्यांचा आवाज दूर जाणाऱ्यांतला नव्हता.

"नाही, नाही, पंप नकोत. ती जागा आता मोकळी नाही... अहो, वाइन करतो आम्ही. शिक्क्याची! पट्ट्यात असली दुसरी नाही... छे, पाकिटातलं यीस्ट आम्ही वापरत नाही. मी घरी पहिल्यापासून सांगत होतो, निसर्गाच्या कामात हात घालू नका."

सगळ्या अंगणानं काकूंकडे पाहिलं. भाऊजींच्या बोलण्यात काय काय चुकलं होतं, ते काकूंनी मनातल्या मनात क्रमानं मांडलं. मग त्यांनी आपला साध्या काचेचा पेला उन्हात धरला, आतला गढूळपणा सावकाश फिरताना पाहिला आणि एकही चूक दुरुस्त न करता तो संपवला.